चौदा बाय सहा की पंधरा बाय सहा? फोर-स्ट्रोक इंजिनासाठी प्रॉपची निवड

इंजिन ओ.एस. एफएस-९१ सरपास: ०.९१ घन इंच, म्हणजे साधारण १५ सीसीचं फोर-स्ट्रोक ग्लो (ठिणगीऐवजी तापलेल्या प्लगवर मिथेनॉलचं इंधन पेटवणारं). विमानं दोन, दोन्ही रेडिओ कंट्रोलवर उडणारी मॉडेलं. एक पायपर कब, पंखविस्तार ८० इंच, उडायला तयार असतानाचं वजन ४ किलो. दुसरं ६४ इंची लो-विंग स्पोर्ट मॉडेल, वजन ३.६ किलो. दोन्हींच्या फायरवॉलवर (नाकातली इंजिन बसवायची फळी) एकाच मापाचा माउंट आहे, त्यामुळे इंजिन एकावरून दुसऱ्यावर हलवता येतं. प्रॉप (प्रोपेलर, पुढचा पंखा) मात्र तसाच उचलून हलवता येत नाही, आणि हे नीट तपासून घ्यावं म्हणून पाच-सहा प्रॉप ओळीने लावून बघितले. त्यात काय केलं, काय मोजलं आणि कुठे चुकतं ते इथे लिहितो आहे. आकडे आमच्या इंजिनाचे आणि आमच्या मैदानाचे आहेत. तुमच्याकडे शंभर-दोनशे आरपीएम (मिनिटाला फेरे) इकडे तिकडे होतील, पण क्रम बदलणार नाही.

बहुतेक जण इंजिनाबरोबर आलेल्या कागदावरचा तक्ता बघतात आणि त्यातला मधला प्रॉप मागवतात. तक्ता चुकीचा नसतो. तो फक्त एवढंच सांगतो की इंजिनाला काय झेपेल. विमानाला काय हवं आहे हे तक्ता लिहिणाऱ्याला माहीत नसतं. ०.९१ च्या तक्त्यात १३×८ पण असतो आणि १५×६ पण असतो, आणि या दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पहिला आकडा व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचांत. पिच म्हणजे प्रॉप एका फेऱ्यात, हवेत अजिबात न घसरता, जेवढा पुढे जाईल तेवढं अंतर. लाकडात स्क्रू शिरतो तसं. व्यास वाढला की ओढ वाढते, पिच वाढला की वेग वाढतो, आणि दोन्हींचा भार इंजिनावर पडतो. व्यासाचा भार मात्र फार झपाट्याने वाढतो. हिशेबापुरतं असं धरा की भार म्हणजे व्यासाचा चौथा घात गुणिले पिच. १३×८ चा भार येतो २,२८,४८८ आणि १४×६ चा २,३०,४९६. म्हणजे इंजिनाला हे दोघे जवळपास सारखेच. ‘व्यास एक इंच वाढवला तर पिच दोन इंच उतरवा’ असं जुने लोक सांगतात ते इथून आलं. १४×७ चा भार २,६८,९१२, १५×६ चा ३,०३,७५० आणि १४×८ चा ३,०७,३२८. त्यावरून आरपीएमचाही अंदाज बांधता येतो: लागणारी ताकद आरपीएमच्या तिसऱ्या घाताने वाढते, म्हणून भार १७ टक्के वाढला तर आरपीएम फक्त ५ टक्क्यांच्या आसपास उतरतं. १४×६ वर ९,८०० मिळत असेल तर १४×७ वर ९,३०० मिळायला हवं. तेवढं मिळालं नाही तर गडबड निडलमध्ये (इंधन कमी-जास्त करणारा स्क्रू; आत घेतला की इंधन कमी) किंवा प्लगमध्ये शोधायची, प्रॉपमध्ये नाही.

टू-स्ट्रोकवरून फोर-स्ट्रोककडे येणाऱ्यांची एक चूक नेहमी दिसते. ०.६१ च्या टू-स्ट्रोकवर १२×६ लावून ते १२,००० ला पळवलेलं असतं. ०.९१ चं फोर-स्ट्रोक वजनाला आणि ताकदीला साधारण त्याच पंक्तीतलं, म्हणून तोच १२×६ त्यावर चढतो. इंजिन आनंदाने ११,५००-१२,००० गाठतं, आवाजही छान येतो, आणि सगळा मार व्हॉल्व्हच्या यंत्रणेवर बसतो: स्प्रिंग, पुशरॉड, रॉकर. शिवाय ओढ कमीच मिळते, कारण फोर-स्ट्रोकची खरी ताकद मोठा प्रॉप सावकाश फिरवण्यात आहे. या मापाच्या इंजिनासाठी जमिनीवर पूर्ण थ्रॉटलला ८,८०० ते १०,००० हा पट्टा आम्ही धरतो. हवेत प्रॉपवरचा भार हलका होऊन आणखी ५ ते १० टक्के चढतात, ते यात धरलेले नाहीत.

आता विमानाकडे. आधी स्टॉलचा वेग काढायचा, म्हणजे ज्याच्याखाली पंख विमान धरून ठेवू शकत नाही तो. वजन किलोत, पंखाचं क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये, भागाकार करा आणि त्याचं वर्गमूळ घ्या. सपाट बुडाच्या पंखाला त्याची १४ पट केली की ताशी किलोमीटरमधला स्टॉल येतो. दोन्हीकडून सारख्या फुगीर पंखाला १५ पट. आमच्या कबचं क्षेत्रफळ ०.५९ चौरस मीटर, भागाकार ६.८, स्टॉल ३६-३७ किमी. स्पोर्ट मॉडेलचं ०.५ चौरस मीटर, भागाकार ७.२, स्टॉल ४० किमी. अगदी काटेकोर गणित नाही हे, पण प्रॉप निवडण्यापुरतं पुरतं.

दुसरा आकडा प्रॉपचा पिच-वेग. पिच गुणिले आरपीएम गुणिले ०.००१५२४ केलं की ताशी किलोमीटर मिळतात. १४×६ ला ९,८०० वर ९० किमी. १३×८ ला तेवढ्याच आरपीएमवर ११९ किमी. इंजिनाला भार सारखा, पण एकाचा वेग दुसऱ्याच्या सव्वापटीहून जास्त. कबसारख्या संथ विमानाला पिच-वेग स्टॉलच्या सव्वादोन ते अडीच पट असला की बास. स्पोर्ट मॉडेलला अडीच ते तीन पट. म्हणजे कबला साधारण ८० ते ९०, आणि स्पोर्टला १०० ते १२०. इथेच यादी छोटी झाली. कबसाठी १४×६ आणि १५×६ उरले, स्पोर्टसाठी १३×८ आणि १४×७. १५×४ पण हाताशी होता. त्याचा पिच-वेग जेमतेम ६२ येतो. असा प्रॉप लावलेलं विमान नाक वर करून लटकत चढतं खरं, पण समोरून वारा असेल तर पुढे सरकायला तयार होत नाही. तो बाजूला ठेवला. १६×६ ही बाद, पण त्याचं कारण जमीन.

जमिनीपासूनचं अंतर मोजताना शेपूट टेकवलेल्या कबवर मोजू नका. शेपूट उचलून विमान उडताना असतं तसं सरळ धरा आणि मग पात्याच्या टोकाखालची जागा मोजा. आमच्या कबला १४ इंची प्रॉपला २ इंच, १५ इंचीला दीड, १६ ला एक. गवताच्या धावपट्टीवर एक इंच म्हणजे काहीच नाही; एका ढेकळाने पातं जातं आणि नशीब वाईट असेल तर क्रँकशाफ्टही वाकतो. स्पोर्ट मॉडेलला पुढचं चाक आहे, तिथे पुढच्या पायाची स्प्रिंग हाताने दाबून मोजायचं, कारण उतरताना ती दबतेच.

ज्या प्रॉपवर नावाबरोबर ‘ई’ अक्षर आहे तो इलेक्ट्रिक मोटरचा. एपीसीचे तसे प्रॉप बाजारात सगळ्यात सहज मिळतात आणि माप जुळतं म्हणून लोक ते ग्लो इंजिनावर लावतात. लावू नका. मोटर एकसारखी फिरते, फोर-स्ट्रोक इंजिन दर दुसऱ्या फेऱ्याला एक धक्का देतं, आणि तो टू-स्ट्रोकच्या धक्क्यापेक्षा मोठा असतो. पातळ पात्यांचा आणि हलक्या हबचा (मधल्या गाभ्याचा) प्रॉप त्या धक्क्यांसाठी बनवलेलाच नाही. त्याच कंपनीच्या ग्लो इंजिनांसाठीच्या प्रॉपना आरपीएमची मर्यादा १,९०,००० भागिले व्यास अशी दिलेली आहे. १४ इंचीला ती १३,५०० च्या वर येते, म्हणजे आपण बरेच आत आहोत.

प्रॉप हातात आल्यावर लगेच इंजिनावर चढवायची घाई होते. त्याआधीची अर्ध्या तासाची कामं फार महत्त्वाची आहेत.

पहिलं, कडा. साच्यातून निघालेल्या प्रॉपच्या कडेला धारदार पापुद्रा असतो, नव्या ब्लेडसारखा. ४०० नंबरचा पॉलिश पेपर ओला करून दोन्ही कडांवरून हलक्या हाताने फिरवा, नखाला टोचायचं थांबलं की पुरे. पात्याचा आकार बदलायचा नाही.

दुसरं, भोक. एफएस-९१ चा शाफ्ट ५/१६ इंची आहे, ८ मिमीच्या जरासा आत. प्रॉपचं भोक पाव इंची असेल तर ते मोठं करावं लागतं, आणि ते हँड ड्रिलने कधीही करू नये. ड्रिल एका बाजूला खातं, भोक केंद्रातून सरकतं, आणि मग कितीही बॅलन्स करा, एक पातं दुसऱ्यापेक्षा लांब पडतं. प्रॉपसाठी पायऱ्यापायऱ्यांचा रीमर मिळतो. त्याचं पुढचं टोक आधीच्या भोकात नीट बसतं आणि तेच मार्ग दाखवतं. मागच्या बाजूने घालून हाताने सावकाश फिरवायचा, दर दोन फेऱ्यांनी बाहेर काढून भुगा झटकायचा.

तिसरं, बॅलन्स. चुंबकावर तरंगणारा बॅलन्सर असेल तर उत्तम. नसेल तर गुळगुळीत सळई आणि दोन समान उंचीच्या ब्लेडच्या कडा चालतात. प्रॉप आडवा धरून सोडायचा. जे पातं खाली जातं ते जड. त्याच्या मागच्या सपाट बाजूला, मधल्या भागापासून टोकाकडे, ४०० चा आणि मग ६०० चा पेपर मारायचा. दोन घासे, परत बघणं, दोन घासे, परत बघणं. थोडासाच फरक असेल तर हलक्या पात्याच्या टोकाला नेलपॉलिशचा एक हात देऊन काम होतं. आडवा बॅलन्स झाला की बहुतेक जण थांबतात. आता प्रॉप उभा धरून सोडा. तो डावीकडे किंवा उजवीकडे कलंडला तर हबची एक बाजू जड आहे. हलक्या बाजूला हबवर फेविक्विकचा थेंब, वाळला की परत तपासा. असा प्रॉप कुठल्याही कोनात सोडला तरी जिथल्या तिथे थांबतो. न बॅलन्स केलेल्या प्रॉपचा त्रास आधी दिसत नाही. महिन्याभराने माउंटचे स्क्रू सैल, टाकीत फेस, सर्व्होचा पॉट (रडर-थ्रॉटल हलवणाऱ्या छोट्या मोटरमधला सेन्सर) खराब, असा एकेक करून बाहेर पडतो. टाकीत फेस झाला की इंजिन लीन जातं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं, आणि लीन फोर-स्ट्रोक काय करतं ते पुढे येतं.

बसवताना ड्राइव्ह वॉशरवरचं (प्रॉपच्या मागची दातेरी चकती) आणि हबच्या मागचं तेल पुसून घ्या. वॉशरचे दाते प्रॉपमध्ये रुतायला हवेत, तेलावर ते घसरतात. इंजिन हाताने फिरवून खरं कॉम्प्रेशन शोधा. फोर-स्ट्रोकला ते दोन फेऱ्यांत एकदाच येतं, दुसऱ्या वेळी पिस्टन वर येतो तेव्हा एग्झॉस्ट उघडा असतो आणि हाताला काही लागत नाही. कॉम्प्रेशन लागायला सुरुवात होते तिथे प्रॉप आडवा राहील असा बसवा. हवेत इंजिन बंद पडलं तर प्रॉप तिथेच येऊन थांबतो आणि उतरताना पातं वाचतं. मग वॉशर, मग मुख्य नट पान्याने घट्ट, मग लॉकनट. पकडीने नट आवळणं टाळा, कोपरे गोल होतात आणि घट्ट झाल्याचा नुसता भास होतो.

ओ.एस. फोर-स्ट्रोकबरोबर दोन नटांचा सेट देतं, टू-स्ट्रोकबरोबर सहसा एकच नट येतो. हे शोभेसाठी नाही. ग्लो इंजिनाला ठिणगीचं टायमिंग नसतं. मिश्रण कधी पेटेल ते प्लगची गरमी, कॉम्प्रेशन, इंधन आणि सिलिंडरचं तापमान मिळून ठरवतात. प्रॉप फार जड असला किंवा निडल फार आत असली की सिलिंडर तापतो आणि मिश्रण पिस्टन वर पोहोचण्याच्या बरंच आधी पेटतं. तो स्फोट शाफ्टला उलटा दणका देतो. शाफ्ट क्षणभर अडखळतो, पण प्रॉप आपल्या जोरात पुढे फिरतच राहतो. समोरून बघितलं तर प्रॉप घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो, आणि नट सैल होतो तोही त्याच दिशेने. म्हणजे अडखळलेल्या शाफ्टवरून फिरता प्रॉप स्वतःच नट उलगडतो. एका दणक्यात प्रॉप, वॉशर, नट, स्पिनर सगळं पुढे फेकलं जातं. लॉकनट असेल तर मुख्य नट थोडा सैल होतो, पण शाफ्टवरून सुटत नाही. नायलॉन आणि कंपोझिट प्रॉप दाबाखाली किंचित बसतो, म्हणून पहिल्या रनिंगनंतर दोन्ही नट सोडून परत आवळायचे, आणि मग दर उडवण्याच्या दिवशी पहिल्या स्टार्टआधी पाना लावून बघायचं. लाकडी प्रॉपचा हब जाड असतो. तो लावल्यावर दोन्ही नटांना पुरेसे आटे मिळतात का ते डोळ्यांनी बघा.

आरपीएमची तुलना करायची तर इंजिन दर वेळी सारखं असायला हवं. थंड इंजिनावर व्हॉल्व्हचे टॅपेट तपासले, ०.०४ मिमीचं फीलर पातं जाईल आणि ०.१० चं जाणार नाही एवढी फट. प्लग ‘एफ’ प्रकारचा, नवा. इंधन सगळ्या चाचण्यांना एकाच डब्यातलं, १५ टक्के नायट्रोमिथेनचं. इंजिन आधीच रन-इन झालेलं. नव्या इंजिनावर प्रॉपची तुलना करण्यात अर्थ नाही, ते दर टाकीला मोकळं होत जातं.

टॅकोमीटर (आरपीएम मोजायचं यंत्र, थोडक्यात टॅको) खरा बोलतो का, हे घरीच तपासता येतं. चोकवाली जुनी ट्यूबलाइट आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. टॅको दोन पात्यांवर ठेवून ट्यूबकडे रोखला की त्याने बरोबर ३,००० दाखवायला हवं. एलईडी ट्यूबवर हे जमेलच असं नाही. आणि याच कारणाने ट्यूबच्या उजेडात इंजिनाचं आरपीएम मोजू नये. उघड्या उन्हात मोजावं. टॅको प्रॉपच्या मागून धरा. समोरून आकडा वाचायला वाकणारे लोक बघितले की जीव धसकतो. गळ्यातला ट्रान्समीटरचा पट्टा, ओळखपत्राची दोरी, सैल बाही, काहीही प्रॉपजवळ लोंबू देऊ नका, आणि प्रॉपच्या फिरण्याच्या रेषेत आजूबाजूला कुणी उभं नको. पातं तुटलं तर ते त्याच रेषेत जातं.

शेपटीला दोन दोऱ्या: एक ताणकाट्यातून, ओढ मोजायला, दुसरी थोडी सैल, थेट खुंटीला, ताणकाट्याचा हुक सुटला तर विमान धरायला. दुसरी दोरी विसरू नका. इंजिन गरम होईपर्यंत अर्ध्या थ्रॉटलवर, मग पूर्ण. निडल आत घेत सगळ्यात वरचं आरपीएम शोधलं, आणि तिथून ३०० ने खाली येईपर्यंत परत उघडली. मग नाक वर करून दहा सेकंद धरलं; तिथे आवाज बसला तर आणखी थोडी उघडायची. वाचन त्यानंतरचं.

१४×६ ने ९,८०० दिले, ओढ ४ किलोच्या आसपास. १३×८ ने जवळजवळ तेवढेच आरपीएम, ओढ मात्र कमी. १४×७ ला ९,२५०. १५×६ ला ८,८५०, आणि ओढ १४×६ पेक्षा साधारण ७ टक्क्यांनी जास्त. १४×८ ला ८,८०० मिळाले, पण पूर्ण थ्रॉटल दिल्यावर इंजिन क्षणभर गुदमरून मग उचलत होतं आणि मधूनच एक कोरडी ठकठक ऐकू येत होती, लोखंडी पत्र्यावर नखाने टिचकी मारावी तशी. तीच ती वेळेआधी पेटण्याची सुरुवात. निडल दोन क्लिक उघडल्यावर ती गेली, पण उन्हाळ्यातल्या दुपारी ती परत येणार हे उघड होतं. १४×८ उतरवला. १५×६ चं आरपीएम जवळपास तेवढंच असूनही तो आवाज नव्हता. आरपीएमचा आकडा सारखा दिसतो म्हणून इंजिनाची अवस्था सारखी असं धरू नये. कान लावून ऐकावंच लागतं.

ताणकाट्यावर सगळ्यात जास्त ओढ देणारा प्रॉप सगळ्यात चांगला, असंही नाही. उभ्या विमानात जास्त पिचचं पातं हवेत नीट धरत नाही, थोडं स्टॉल झालेलं असतं. १३×८ जमिनीवर मागे पडतो आणि विमान वेगात आलं की मोकळा होतो. म्हणून शेवटचा निकाल हवेतच.

कबवर आधी १४×६. उडालं चांगलं, काही तक्रार नाही. पण १५×६ लावल्यावर कब कबसारखं उडायला लागलं. धाव कमी झाली, तिसऱ्या हिश्श्याच्या थ्रॉटलवर सपाट उड्डाण, आणि चढताना आवाज खोल व संथ. त्याची किंमतही आहे. मोठा प्रॉप उड्डाणाच्या वेळी नाक डावीकडे जास्त खेचतो, म्हणून थ्रॉटल चार सेकंदांत सावकाश उघडायचा आणि उजवा रडर तयार ठेवायचा. उतरताना १५×६ ब्रेक लावल्यासारखा वागतो. २,२०० च्या आयडलवर (थ्रॉटल मागे घेतल्यावरचं संथ फिरणं) त्याचा पिच-वेग फक्त २० किमी आहे, विमान त्याहून बरंच जोरात येत असतं, आणि फिरती पाती हवा अडवतात. पूर्ण आयडलवर आणलं तर धावपट्टीच्या अलीकडेच बसतं. शेवटपर्यंत दोन-तीन क्लिक थ्रॉटल धरून ठेवायचा.

स्पोर्ट मॉडेलवर १३×८ सपाट उड्डाणात सरस, यात वाद नाही. पण लूपच्या वरच्या बाजूला जाताना वेग गळायचा, धावपट्टी जास्त लागायची, आणि उतरताना विमान तरंगतच राहायचं, कारण आयडललाही त्याचा पिच-वेग २७ किमी पडतो. १४×७ ने वेग थोडा गेला, ९९ किमीवर आला, पण वर चढणं भरून निघालं आणि उतरणं ताब्यात आलं. डांबरी पट्टीवर आता हाच. गवतावर मात्र पुढच्या चाकाची स्प्रिंग दाबून मोजलं तर १४ इंचीखाली फक्त एक इंच उरतो, म्हणून तिथे १३×८ परत चढतो. कुठलाही प्रॉप असो, सूर मारताना थ्रॉटल मागे घ्या. तिथे प्रॉपवरचा भार जातो आणि आरपीएम सरसर वर चढतात.

एकाच मापाचे दोन कंपन्यांचे प्रॉप एकसारखे नसतात, हेही इथे सांगायला हवं. १४ इंची प्रॉपचा कोन केंद्रापासून सव्वापाच इंचांवर, म्हणजे त्रिज्येच्या पाऊण भागात मोजला तर ६ पिचला साधारण १०.३ अंश यायला हवा, ७ ला १२ आणि ८ ला १३.६. सहा आणि सात यांच्यात फरक पावणेदोन अंशांचा. पात्याची जाडी, रुंदी आणि कोनातली एवढीशी तफावत मिळून आरपीएम तीनशेने सहज हलतात. दुसऱ्या कंपनीचा ‘तोच’ प्रॉप लावला की टॅको परत काढायचा.

पुण्याची उंची ५६० मीटर. मे महिन्यात ३८ अंशांना इथली हवा प्रमाण हवेपेक्षा साधारण १३ टक्क्यांनी विरळ असते. हिवाळ्यात अलिबागच्या किनाऱ्यावर २५ अंशांना जेमतेम साडेतीन टक्क्यांनी. विरळ हवेत इंजिनाची ताकद कमी होते, पण प्रॉपवरचा भारही त्याच प्रमाणात कमी होतो, म्हणून टॅकोवरचा आकडा जवळपास तोच राहतो. ओढ मात्र खरोखर कमी झालेली असते. किनाऱ्यावर भुरकन उठणारं विमान पुण्यात धावपट्टी खातं आणि टॅको म्हणतो सगळं ठीक आहे. अशा वेळी पिच न वाढवता व्यास वाढवावा. आणि उन्हाळ्यात निडल दोन-तीन क्लिक जास्त उघडी, हे ठरलेलं.

तीन पात्यांचा प्रॉप जमिनीपासूनचं अंतर कमी असेल किंवा मॉडेल हुबेहूब दिसायला हवं असेल तरच. व्यास इंचभर कमी घ्या, पिच तोच, आणि टॅको तीन पात्यांवर करायला विसरू नका. दोनवर राहिला तर दीडपट आकडा दाखवतो.

लाकडी प्रॉप हलका, ताठ, आणि आवाजाला गोड. हलका असल्यामुळे थ्रॉटलला इंजिन पटकन उचलतं, पण फ्लायव्हीलचा जोर कमी पडतो, म्हणून आयडल शंभर-दोनशेने वर ठेवावा लागतो. जमिनीला लागला तर लाकूड तुटतं आणि शाफ्ट वाचतो, हा मोठा फायदा. पावसाळ्यात मात्र लाकूड ओल धरून फुगतं आणि ऑक्टोबरच्या उन्हात आकसतं. जुलैत घट्ट असलेला नट दिवाळीला बोटाने फिरतो. पॉलिश पेपर मारलेली जागा वार्निशने बंद केलीच पाहिजे, नाहीतर तेवढं पातं ओल जास्त पितं आणि बॅलन्स जातो. कंपोझिट पातं जरा वाकवून उजेडात बघा. मुळाशी पांढरी रेघ दिसली किंवा कडेला खाच असली तर तो प्रॉप मोडून कचऱ्यात टाका. नुसता टाकला तर कुणीतरी उचलून लावेल. फेविक्विकने खाच भरून प्रॉप वापरायचा नाही, कितीही महाग असला तरी.

प्रत्येक प्रॉपच्या हबमागे मार्करने तारीख आणि पूर्ण थ्रॉटलचं आरपीएम लिहून ठेवतो. पावसाळ्यानंतर पहिल्या दिवशी तोच १५×६ चढवून टॅको धरला आणि ८,८५० ऐवजी ८,४०० दिसले, तर प्रॉप बदलायचा नसतो. आधी टॅपेट, मग प्लग, मग चार महिने पडून राहिलेल्या डब्यातलं इंधन. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि अर्धा रिकामा डबा त्यासाठी पुरतो.